चागोसवर माणसं राहत होती

‘मॉरिशस ओसाड होतं, इंग्रजांनी आपल्या लोकांना चांगल्या पगारावर नेऊन ते वसवलं, 1968 साली सुखासुखी स्वातंत्र्य दिलं, चागोसची निर्जन बेटं तेवढी लष्करी तळासाठी ठेवून घेतली.’ हा मजकूर दोनतीनदा मोबाइलवर आला, मी सोडून दिला. परवा भाचीच्या प्रकल्पवहीत तो जसाच्या तसा उतरवलेला दिसला. आता गप्प बसवत नाही.

मॉरिशसवर मूळ रहिवासी नव्हते, एवढं खरं. पण इंग्रजांनी 1810 साली बेट जिंकलं ते फ्रेंचांकडून, आणि तेव्हा आफ्रिका-मादागास्करहून आणलेले हजारो गुलाम तिथे राबत होते. बेट उभं राहिलं ते त्यांच्या घामावर.

पगाराचं म्हणाल, तर 1835 साली गुलामगिरी उठली तेव्हा भरपाई मिळाली मालकांना. मग मळ्यांसाठी करारावर मजूर नेले, त्यात मुंबई बंदरातून गेलेले आपले कोकणातलेही होते. एक दिवस खाडा झाला की दोन दिवसांची मजुरी कापत. याला चांगला पगार म्हणायचं?

सुखासुखी तर नाहीच. स्वातंत्र्याच्या दोन महिने आधी पोर्ट लुईत दंगली पेटल्या, ब्रिटिश फौज उतरवावी लागली.

पण सगळ्यात संताप येतो तो ‘निर्जन’ या शब्दाचा. चागोसवर, हिंदी महासागरातल्या या बेटांवर, नारळाच्या मळ्यांत काम करणारी, गुलामांच्या वंशातली कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या राहत होती. त्यांची चर्च होती, दफनभूमी होती. 1965 साली, स्वातंत्र्याची बोलणी चालू असतानाच, ब्रिटनने 30 लाख पौंड देऊन ही बेटं मॉरिशसपासून तोडली. मग उपचारासाठी मॉरिशसला गेलेल्यांना परतीची बोट नाकारली. दिएगो गार्सिया या चागोसच्या सगळ्यात मोठ्या बेटावर लोकांची कुत्री गोळा करून वायूने मारली. उरलेल्यांना जहाजांत भरून मॉरिशस आणि सेशेल्सला नेऊन सोडलं. इथे कायमचं कोणी राहत नाही, हे सोंग ब्रिटिश अधिकाऱ्यांनीच तेव्हा ठरवून रचलं होतं, आणि आज तेच आपल्या पोरांच्या वह्यांत उतरतंय.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, आंतरराष्ट्रीय न्यायालयाचं 25 फेब्रुवारी 2019 चं मत वाचा. 1967 ते 1973 या काळात रहिवाशांना बळाने हलवलं, बाहेर गेलेल्यांना परतू दिलं नाही, हे त्यात स्पष्ट लिहिलं आहे. मॉरिशसची वसाहतमुक्ती कायदेशीररीत्या पूर्ण झाली नाही आणि ब्रिटनने चागोसवरचा अंमल लवकरात लवकर संपवावा, असं 14 पैकी 13 न्यायाधीशांनी म्हटलं.

वही सोमवारी द्यायची आहे. ते पान आज आम्ही दोघं पुन्हा लिहायला बसतोय.