कोण गेलं?

काल सकाळी आठ वाजता, फोंड्याच्या स्टँडवर उभ्या असलेल्या पणजीच्या बसमध्ये मी ढसाढसा रडलो, असं आता निदान तीस माणसं शपथेवर सांगतील. मी रडत नव्हतो. मी डोळ्यांत टिमोलॉलचे थेंब घातले होते.

घरी घालायचं राहून गेलं होतं. चालत्या बसमध्ये थेंब नाकपुडीत जातो (अनुभव आहे), आणि आपल्या खासगी बशी भरल्याशिवाय हलत नाहीत, तेव्हा म्हटलं इथेच उरकू. मान मागे, खालची पापणी ओढून एकेका डोळ्यात एकेक थेंब. दुसरा घालून उपयोग नसतो, डोळ्यात मावतच नाही, गालावरून ओघळतो. मग डोळे मिटून, नाकाच्या बाजूचे दोन्ही कोपरे चिमटीत दाबून दोन मिनिटं गप्प बसायचं. तिथून अश्रूंची वाट नाकात उतरते. ती दाबली नाही तर औषध घशाला कडू करून रक्तात जातं आणि हृदयाची गती मंदावू शकतं. सगळं शास्त्रशुद्ध. फक्त बाहेरून बघणाऱ्याला शोकसभा दिसते.

बत्तीसपर्यंत मोजलं असेल, शेजारून आवाज आला, "कितें जालें रे बाब?"

एक मावशी. मांडीवर तांबड्या भाजीच्या जुड्यांचं गोणपाट, आणि त्यातलं पाणी माझ्या इस्त्रीच्या पँटीवर. मी 'काही नाही' म्हणून मान हलवली. तिने ती 'काही उरलं नाही' अशी वाचली.

"कोण गेलं?"

मी मोकळा हात हलवला.

"डॉक्टरांनी हात वर केले म्हणतो," तिने मागच्या बाकाला कळवलं.

मागच्या बाकाने वय विचारलं. मावशीने बहुधा माझ्या टकलावरून हिशेब केला. "ह्याची आई म्हणजे ऐंशीची तरी असणार." माझी आई त्या वेळी घरी पोदेराशी पावाच्या आकारावरून भांडत असणार. कंडक्टर आला, थबकला आणि तिकिटाचे पैसे न मागता पुढे गेला. एरवी हाच माणूस दोन रुपये सुटे नाहीत म्हणून अख्ख्या बसदेखत माझा उद्धार करतो.

एकशेवीस झाले. "मावशी, कोणी गेलं नाही. काचबिंदू आहे."

"मोतीबिंदू?"

"काच."

"मग काढून टाक की! आमच्या शेजारणीने काढला, आता सुईत दोरा ओवते."

हे मला आठवड्यातून तीनदा समजवावं लागतं. मोतीबिंदू काढला की दिसतं. काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही. दुखत नाही, म्हणून कुणाला खरंही वाटत नाही. डोळ्याचं प्रेशर म्हटलं की लोक मीठ कमी कर म्हणतात. मावशीनेही तेच म्हटलं. मी सांगितलं, डोळ्यात आतल्या आत पाणी तयार होतं, त्याचा निचरा नीट होत नाही, थेंबांनी ते तयारच कमी होतं.

"म्हणजे गटार तुंबलंय नि तू नळ बारीक करतोस."

डॉक्टरांना हे इतकं सोपं सांगता आलं नव्हतं. पुढे तिने विचारलं, "दमा नाही ना तुला? आमच्या दिराला असलेच थेंब दिले, रात्रभर धापा टाकत बसला."

आता हे मला खरोखर लागलं. दोन तास बाकावर बसवून ठेवून, डोळ्याचं प्रेशर दहा ते एकवीस असायला हवं तिथे सव्वीस निघाल्यावर डॉक्टरांनी दीड मिनिटात चिठ्ठी लिहिली. दमा? विचारला नाही. नाडी? बघितली नाही. कोपरे दाबायचे, बाटली फोडल्यावर चार आठवड्यांनी उरलेलं औषध फेकायचं, हे मी खोक्यातल्या कागदावर भिंगाने वाचलं. डोळ्यांच्या रोग्यासाठी मुंगीएवढी अक्षरं छापणाऱ्या माणसाला मला एकदा भेटायचंय. दम्याचं विचारलं कोणी, तर भाजीवालीने.

पणजीला उतरताना मागच्या बाकावरच्या गृहस्थांनी माझा हात हातात घेतला. बस खडखडत होती, खुलासा त्यांच्यापर्यंत पोचलाच नव्हता.

"बाराव्याचं कळवा."

कळवतो म्हटलं.