कोकणात रॉक बँड काढताय? मग एवढं पाळा

कोकणात रॉक बँड काढायचा बेत असेल तर आधी अभिनंदन. गिटार घ्या, ड्रम घ्या, केस वाढवा. तोंड उघडण्याआधी मात्र हे वाचा. परवा माघी गणपतीच्या कार्यक्रमात आमचा आवाज तिसऱ्या गाण्यातच गेला. त्यातून आलेलं ज्ञान आहे, फुकट वाटतोय.

गाणी समुद्र, माड, आंबा आणि पाऊस यांवरच करा. जाळ्यात हल्ली काय येतं, ते नको. माड कोणाच्या सातबाऱ्यावर आहे, ते तर मुळीच नको.

ड्रमरला सरकारी नोकरी असेल तर त्याला आजच नारळ द्या.

ऑस्ट्रेलियाच्या मिडनाइट ऑइल या रॉक बँडचा आदर्श चुकूनही ठेवू नका. २००० साली सिडनी ऑलिम्पिकच्या समारोपाला हे लोक काळ्या कपड्यांत आले, आणि कपड्यांवर छापलेलं काय, तर ‘सॉरी’. पंतप्रधान जॉन हॉवर्ड मूळ रहिवाशांची माफी मागायला तयार नव्हते, म्हणून यांनी अख्ख्या जगासमोर मागून टाकली. लग्नाला बोलावलं तर असं वागतात का कोणी? आमच्याकडे असते तर मानधनाचं पाकीट गेलंच असतं, वर चहासुद्धा मिळाला नसता.

त्याआधी १९९० मध्ये न्यूयॉर्कला एक्सॉनच्या इमारतीसमोर ट्रक लावून, त्यावर चढून ते भर दुपारी वाजवत होते. आदल्या वर्षी अलास्कात एक्सॉनचं जहाज खडकावर आदळून सुमारे १ कोटी १० लाख गॅलन कच्चं तेल समुद्रात गेलं होतं, त्याचा निषेध म्हणून. तेल अलास्कात, बँड ऑस्ट्रेलियाचा, वाजवायचं न्यूयॉर्कला! लष्कराच्या भाकऱ्या म्हणतात त्या ह्याच. आपल्याकडेही पावसाळ्यात किनाऱ्यावर डांबराचे गोळे येतात. तळपायाला चिकटतात. रॉकेलचा बोळा घ्यायचा, पाय पुसायचे, घरी जायचं. गाणं कसलं करताय त्यावर?

आता मुख्य नियम : कलेत राजकारण आणू नका. मला तो स्टेजवरच, कानात सांगण्यात आला. ‘भाऊ, राजकारण नको हं, लोक करमणुकीला आलेत.’ सांगणाऱ्याच्या पाठीमागे वीस फुटी फ्लेक्स. कोपऱ्यात पासपोर्ट फोटोएवढा गणपती, बाकी जागेत साहेब, धाकटे साहेब आणि हात जोडलेले सतरा ‘भावी’. आमच्याआधी पावणेदोन तास सत्कार झालेले. शाल, श्रीफळ, शाल, श्रीफळ. साहेबांनी माईकवरून विरोधकांची पार सात पिढ्यांपर्यंत हजेरी घेतली, ते राजकारण नव्हतं, ते मार्गदर्शन होतं. आमचं गाणं मुंबई-गोवा महामार्गावरचं. २०११ पासून चौपदरीकरण चाललंय, त्यावर चार कडवी. नाव कोणाचं नाही, पक्ष नाही, नुसते खड्डे मोजले होते. तिसऱ्या कडव्याला एकाने खाली वाकून केबल उपटली. आणि साहेब? साहेबांची गाडी त्याच खड्ड्यांतून तासभर उशिरा आली होती हो!

अरे, तुमच्याच आजोबांनी नमनाच्या खेळात लुगडं नेसून मावशी उभी केली ना? खोतापासून सरपंचापर्यंत एकाला सोडलं नाही तिने. जाखडीच्या नाचात शक्तीवाले नि तुरेवाले रात्रभर एकमेकांची सालं काढतात, ते काय अंगाईगीत असतं? तेव्हा कोणी वायर उपटली नाही. (वायर नव्हतीच म्हणा.)

बोलायची फारच खाज असेल तर निवडणूक लढवा, खाज आपोआप जाते. मिडनाइट ऑइलचा गायक पीटर गॅरेट १९८४ मध्ये अण्वस्त्रविरोधी पक्षाकडून उभा राहिला, पडला. १९९८ मध्ये जाबिलुकाच्या युरेनियम खाणीविरुद्ध धरणं धरलेल्यांसमोर बँडने वाजवलं. २००४ मध्ये तो खासदार झाला, २००७ मध्ये पर्यावरणमंत्री, आणि २००९ मध्ये त्यानेच फोर माइल या युरेनियम खाणीला मंजुरी दिली. अणुऊर्जा प्रकल्पाच्या जैतापूरवाल्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं. त्याची गाणी मला अजून पाठ आहेत, पण ही सही मी त्याला माफ केलेली नाही.

राहता राहिले तुम्ही, खुर्च्यांवरचे. केबल निघाली तेव्हा शेंगदाणे खात बसलात. रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर मात्र अंगठे आले : ‘भारी होतं रे, पण तिथे नको होतं.’ मग कुठे हवं होतं? न्हाणीघरात? २०२३ च्या एप्रिलमध्ये बारसूच्या सड्यावर तुमच्या आयांच्या वयाच्या बायका रिफायनरीसाठीचं माती परीक्षण अडवायला तापलेल्या कातळावर आडव्या झाल्या. तुम्हाला खुर्चीतून उठून ‘वाजवू दे त्यांना’ एवढे तीन शब्द बोलता आले नाहीत. लाज वाटायला हवी. खड्ड्यांत कंबर तुमचीच मोडते, साहेबांची नाही.

चौथं कडवं राहिलंय. शिमग्याला मांडावर म्हणू, तिथे ढोल असतो, वायर नसते. तोवर ती केबल परत पाठवा. भाड्याची होती.