जर्नल ऑनलाइन घेतली की खर्च निम्मा? नाही हो

"छापील जर्नल बंद करा, सगळं ऑनलाइन घ्या, कागद-छपाई-टपाल वाचलं की लायब्ररीचा खर्च निम्म्यावर येतो", हे वाक्य जर्नलांच्या, म्हणजे संशोधनाच्या नियतकालिकांच्या, बजेटची चर्चा निघाली की कुणीतरी टाकतंच आणि बाकीचे माना डोलावतात. मी स्वतः ऑनलाइनच्याच बाजूची आहे, पण हा हिशोब चुकतोय.

कागद गेला म्हणून किंमत उतरेल हे पहिलं. अहो, जर्नलचा मोठा खर्च पहिली प्रत तयार होईपर्यंतच झालेला असतो, लेख तपासणीला पाठवणं, संपादन, मांडणी, आणि हे सगळं ऑनलाइनलाही तेवढंच लागतं, वर एका जर्नलच्या जागी दुसरं चालत नाही म्हणून प्रकाशक म्हणेल ती किंमत. 2012 मध्ये हार्वर्डच्या समितीने लिहून दिलं की बड्या प्रकाशकांच्या जर्नलांवर वर्षाला जवळजवळ 37.5 लाख डॉलर जातायत आणि हे परवडणारं नाही, तेव्हा ऑनलाइन नव्हतं का? युरोपातल्या बऱ्याच देशांत तर 2018 पर्यंत छापील अंकाला सवलतीचा व्हॅट बसायचा आणि तोच मजकूर ऑनलाइन घेतला की पूर्ण दराने.

माणसांचं काम वाचतं, हे अर्धं खरं. अंकांची नोंद, न आलेल्या अंकांचा पाठपुरावा, बाइंडिंग, कपाटात लावणं हे खरंच जातं, आणि 2004 च्या अमेरिकेतल्या 11 लायब्रऱ्यांच्या अभ्यासात हा खर्च ऑनलाइनला कमीच निघाला. पण तो वर्गणी सोडून बाकीचा खर्च होता! वर्गणी तशीच राहते, आणि लायसन्स वाचणं, तुटलेल्या लिंका, लॉगिनच्या तक्रारी ही नवी कामं येतात.

प्रकाशक बरीच जर्नलं एकत्र बांधून विकतो त्या पॅकेजमध्ये जास्त जर्नल मिळतात, मान्य. पण नको असलेली काढता येत नाहीत, करार तीन-तीन वर्षांचे, म्हणजे दर जर्नलमागे स्वस्त आणि एकूण बिल तेवढंच किंवा जास्त.

आणि ज्याबद्दल कुणी बोलतच नाही ते म्हणजे मालकी. छापील वर्गणी थांबवली तरी जुने अंक कपाटात राहतात, कुणी उचलून नेत नाही. ऑनलाइनला आपण बहुतेक वेळा वापरायची परवानगीच विकत घेतो, एका ठिकाणी वर्गणी बंद केल्यावर ज्या वर्षांचे पैसे भरले होते त्याच वर्षांचे लेख उघडेनात, विद्यार्थी समोर उभा आणि देण्यासारखं काही नाही, मला ते फार लागलं. कायमचा ॲक्सेस हवा तर ते कलम करारात आधीच लिहून घ्यावं लागतं, आणि पोर्टिकोसारख्या जतन करणाऱ्या सेवेत जायचं तर त्याची दरवर्षीची फी वेगळी. ती फी त्या 'निम्म्या' खर्चात कुणी धरली होती का?