हेमिसमधील हिमबिबट्याच्या सहलीविषयी आलेल्या अभिप्रायास उत्तर

आदरणीय महोदय,

लडाखमधील हेमिस राष्ट्रीय उद्यानातील आमच्या हिमबिबट्या-दर्शन सहलीला आपण दिलेला एक तारा आणि त्याखालचा सविस्तर मजकूर मी आणि आमच्या लडाखी सहकाऱ्यांनी काळजीपूर्वक वाचला. आपल्या तक्रारी थोडक्यात अशा आहेत : संपूर्ण सहलीत हिमबिबट्या एकदाच दिसला आणि तोही पाऊण किलोमीटरवरून, स्पॉटिंग स्कोपमधून (तिपाईवरच्या लांब पल्ल्याच्या दुर्बिणीतून), दुसऱ्या एका कंपनीचे पर्यटक त्याच प्राण्याच्या पुष्कळ जवळ गेले असताना आमच्या वाटाड्याने आपल्याला डोंगरधारेवरून खाली उतरू दिले नाही, लेहमधले सुरुवातीचे दिवस वाया गेले, उद्यानातील रुंबाक गावातल्या मुक्कामाच्या घरात नळाला पाणी नव्हते, आणि या सर्वांमुळे निम्मी रक्कम परत मिळावी. यातील घटना आपण लिहिल्या तशाच घडल्या, याबद्दल वाद नाही. त्या तशा का घडल्या याविषयी मात्र माझे म्हणणे वेगळे आहे, आणि ही सहल करण्याच्या विचारात असलेले इतर लोकही हे वाचत असल्यामुळे ते जरा विस्ताराने मांडतो.

मुख्य प्रश्न अंतराचा आहे. त्या सकाळी हिमबिबट्या भरलाच्या (हिमालयातील रानमेंढीसारख्या प्राण्याच्या) ताज्या शिकारीवर बसला होता, असे आपणच लिहिले आहे. हिमबिबट्याला मोठी शिकार साधारणपणे आठ-दहा दिवसांतून एकदाच साधते, आणि ती साधल्यावर तो तीन-चार दिवस तिच्या आसपास राहून ती पुरवून खातो. या काळात माणसे जवळ आली तर तो गुरगुरत नाही, अंगावरही येत नाही. निमूटपणे उठतो, कातळाआड जातो आणि पुष्कळदा परत येतच नाही. मागे उरलेले मांस गिधाडे आणि कोल्हे संपवतात, आणि ऐन हिवाळ्यात, रात्रीचे तापमान शून्याखाली वीस अंशांपर्यंत उतरलेले असताना, त्या प्राण्याला पुन्हा कडेकपारीतून नव्या शिकारीमागे जीव धोक्यात घालून धावावे लागते. आमच्या वाटाड्याने आपल्याला थांबवले ते या कारणासाठी. नियमपुस्तकातील एखादे कलम त्याच्या मनात नव्हते.

आपल्या अभिप्रायातील दोन वाक्ये मी शेजारी ठेवून वाचली. एकात आपण म्हणता की दुसरा गट ‘अगदी दीडशे मीटरवर’ पोहोचला आणि त्यांना उत्तम छायाचित्रे मिळाली. चार ओळींनंतर आपण म्हणता की दुपारनंतर बिबट्या दिसेनासा झाला आणि दुसऱ्या दिवशीही आपल्याला रिकामी शिकारच पाहावी लागली. या दोन गोष्टींचा संबंध होताच, हे मी शपथेवर सांगू शकत नाही. पण आमच्या वाटाड्याला तो संबंध दिसतो, आणि डोंगरात मी माझ्या तर्कापेक्षा त्याच्या नजरेवर अधिक विश्वास ठेवतो. सर्वांनी अंतर राखले असते तर बहुधा आपल्याला एका सकाळीऐवजी दोन-तीन दिवस तोच प्राणी निवांतपणे पाहता आला असता. शिकारीवर स्थिरावलेला हिमबिबट्या हा या सहलीतील सर्वांत दुर्मिळ योग असतो, आणि तो आपल्या वाट्याला आला होता.

आपण ताडोब्याचे उदाहरण दिले आहे, जिथे वाघ जिप्सीपासून काही फुटांवरून चालत गेला. तेथील वाघ बछडे असल्यापासून गाड्या पाहत वाढलेले असतात आणि गाडीत बसलेल्या माणसांकडे ते बहुतेक वेळा दुर्लक्ष करतात. हेमिसमध्ये निरीक्षण पायीच होते, आणि उतारावरून आपल्या दिशेने चालत येणारा माणूस ही त्या प्राण्याच्या लेखी अगदी वेगळी बाब आहे. शिवाय जवळीक हेच यशाचे माप मानले की काय होते, हे महाराष्ट्रातील वाचकांना वेगळे सांगायला नको. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एका वाघिणीची आणि तिच्या बछड्यांची वाट पर्यटकांच्या गाड्यांनी दोन्ही बाजूंनी अडवली, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला त्याची स्वतःहून दखल घ्यावी लागली. रुंबाकच्या खोऱ्यात सफारीच्या गाड्या नाहीत, पण माणसांचे कोंडाळे तेच काम करू शकते.

राहिला प्रश्न ‘एकदाच दिसला’ याचा. २०१९ ते २०२३ या काळात झालेल्या आणि जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झालेल्या देशव्यापी गणनेनुसार भारतात ७१८ हिमबिबटे असल्याचा अंदाज आहे, आणि त्यातील ४७७ एकट्या लडाखमध्ये आहेत. आकडा धीर देणारा वाटतो. परंतु हेमिस उद्यानच सुमारे ४,४०० चौरस किलोमीटरचे आहे, आणि एका हिमबिबट्याचा वावर शंभराहून अधिक चौरस किलोमीटरवर पसरलेला असू शकतो. त्यातही त्याची राखाडी-पांढुरकी, ठिपक्यांची कातडी खडकात अशी मिसळते की तो झोपलेला असेल तर स्कोप त्याच्यावर रोखलेला असूनही नवख्याला दिसत नाही. आम्ही आपल्याला जानेवारी ते मार्च या काळातच नेतो, कारण तेव्हा बर्फामुळे भरल खालच्या उतारांवर येतात, त्यांच्यामागे बिबटेही येतात, आणि हाच त्यांच्या मीलनाचा हंगाम असल्याने ते अधिक फिरतात व साद घालतात.

‘एकाच धारेवर तासन्‌तास थंडीत बसवून ठेवले’ या तक्रारीचे उत्तरही याच माहितीत आहे. सुट्या दगडांच्या घसाऱ्यावरून चालणाऱ्या गटाचा आवाज आणि हालचाल समोरच्या संपूर्ण उतारावर पोहोचते, तर मोक्याच्या धारेवरून तीन-चार घळी एकाच वेळी नजरेखाली राहतात. वाटाडे तेथे केवळ बिबट्याला शोधत नसतात. भरलांचा कळप एकाएकी एकाच दिशेने टक लावून उभा राहिला का, गिधाडे कुठे घिरट्या घालत आहेत, ताज्या बर्फावर रात्रीतून नवी पावले उमटली आहेत का, हे ते पाहत असतात. आपल्याला ‘रिकामे बसणे’ वाटले त्याच वेळात शिकारीचा पत्ता लागला होता.

विरळ हवेची सवय होण्यासाठी लेहमध्ये ठेवलेल्या दिवसांबद्दल मी तडजोड करणार नाही. लेह सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे, तेथे श्वासागणिक मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या साधारण दोन-तृतीयांश असतो, आणि रुंबाक त्याहूनही उंच आहे. मुंबई-पुण्याहून विमानाने थेट लेहला उतरलेल्या माणसाला लगेच वर नेले तर डोकेदुखी आणि उलट्यांवरच भागेल असे नाही. फुप्फुसात पाणी साचण्यापर्यंत वेळ येऊ शकते, आणि हिवाळ्यात रुंबाकहून एखाद्याला खाली आणणे सोपे नसते. आपल्या गटातील एका सहप्रवाशाच्या प्रकृतीचा उल्लेख आपण केला आहे. त्यावर मी येथे जाहीरपणे काहीही लिहिणार नाही. ते त्यांचे खासगी आहे.

रुंबाकमधील घराविषयी इतकेच सांगतो की तेथे हिवाळ्यात नळाचे पाणी गोठते, त्यामुळे पाणी भरून आणले जाते आणि लडाखी पद्धतीचे कोरडे शौचालय वापरले जाते. नोंदणीपूर्वी पाठवलेल्या माहितीपत्रकात हे लिहिलेले आहे. आम्ही हॉटेल सोडून गावातील घरांतच मुक्काम ठेवतो यामागे मात्र एक कारण आहे, जे त्यात सविस्तर दिलेले नाही. हिमबिबट्या एखाद्या रात्री मेंढ्यांच्या गोठ्यात शिरला तर घाबरलेल्या कळपात एकापाठोपाठ एक अनेक जनावरे मारतो, आणि एका कुटुंबाची वर्षाची कमाई सकाळपर्यंत गेलेली असते. पूर्वी अशा प्रसंगी बिबट्याला मारले जाई. गोठ्यांवर जाळी बसवणे आणि पर्यटकांना घरात ठेवून त्या कुटुंबांना उत्पन्न मिळवून देणे, या दोन उपायांनी लडाखमधील अनेक गावांत ते चित्र बदलले. आपण ज्या घरात राहिलात तेथील लोकांना हिमबिबट्या जिवंत राहण्यात लाभ आहे, आणि म्हणूनच त्याची शिकार उधळली जाण्याची त्यांना चिंता आहे; उपाशी बिबट्याला पुढचे सोपे भक्ष्य त्यांच्याच गोठ्यात सापडते.

रक्कम परत करण्याबाबत : आमच्या अटींमध्ये प्राणी दिसण्याची हमी नाही, आणि अमुक अंतरावरून छायाचित्र मिळण्याची तर नाहीच. ठरलेले सर्व दिवस, मुक्काम, वाटाडे आणि साहित्य आपल्याला मिळाले असल्यामुळे आम्ही परतावा देणार नाही. त्या सकाळी वाटाड्याने आपल्या मोबाइलवर स्कोपमधून घेऊन दिलेल्या चित्रफितीखेरीज त्याच्या स्वतःच्या उपकरणावरची अधिक लांबीची चित्रफीत आमच्याकडे आहे. आपली हरकत नसेल तर ती नोंदणीच्या वेळी दिलेल्या पत्त्यावर पाठवतो. आपण त्याचे नाव अभिप्रायात लिहून त्याच्यावर कारवाईची मागणी केली आहे. तशी कारवाई होणार नाही, आणि पुढील हंगामात गट पुन्हा त्याच्याकडेच सोपवलेले आहेत. अभिप्राय राहू द्यावा, परंतु त्यातील त्याचे नाव तेवढे काढावे अशी विनंती आहे. निर्णय त्याने घेतला असला तरी धोरण आमचे आहे.

आपला,
सहल संचालक