घर मोठं करून मिळेल

घर लहान पडतं म्हणून सल्ला विचारायला आलात ना? या, बसा. नको, तिथे नको. त्या सोफ्यावर माणूस बसला की फ्रिजचं दार उघडत नाही. इकडे दिवाणाच्या कोपऱ्यावर टेका. पाय तेवढे आत घ्या, मुलीला दप्तर घेऊन जायचंय. हां, आता बोलू.

मुळात घर लहान आहे हाच तुमचा गैरसमज. कागद काढून बघा. डोंबिवलीतलं हे घर आम्ही घेतलं तेव्हा 550 चौरस फूट होतं. ‘सुपर बिल्ट-अप’ म्हणायचे त्याला. त्यात जिन्याचा वाटा, लिफ्टचा वाटा, खालच्या लॉबीचा वाटा. म्हणजे सकाळी मी लिफ्टची वाट बघत ताटकळतो तेव्हा हिशेबाने स्वतःच्याच घरात उभा असतो. 2017 साली रेरा, म्हणजे घरखरेदीचा नवा कायदा, लागू झाला आणि ही चैन संपली. आता सगळा व्यवहार कार्पेट एरियावर, म्हणजे घराच्या आत सतरंजी अंथरता येईल तेवढ्या जागेवर. त्या मापाने आमचं घर भरलं 360. पण खचून जाऊ नका. रेराच्या व्याख्येत घरातल्या आतल्या भिंतींची जाडीही कार्पेटमध्येच मोजतात. त्या भिंतीच्या आत सतरंजी कशी अंथरायची, एवढंच शोधायचं राहिलंय. जमलं की कळवतो.

खरी विद्या शिकायची तर सँपल फ्लॅटमध्ये जा. तिथे आतल्या खोल्यांना दारं नसतात, पलंग बेताच्या लांबीचा असतो आणि उशीखाली कुणाच्या गोळ्यांची पट्टी नसते. दोरीवर टॉवेल नसतो. कारण तिथे राहायला कुणी नसतं. हे लिहून घ्या. आम्हीही तेच केलं. मुलीला महिना फी भरून अभ्यासिकेत बसवलं, आईला देवळातल्या भजनी मंडळाची गोडी लावली, बायकोला नोकरी होतीच आणि मला रोज तीन तास मध्य रेल्वे सांभाळते. दुपारी बारा ते चार या वेळात आमचं घर काय ऐसपैस असतं म्हणता! बघायला कुणी नसतं, एवढीच अडचण.

भिंतींना ऑफ व्हाइट द्या, म्हणतात. द्या की. दिवाणाच्या मागे डोक्याच्या तेलाचे चार गोल महिन्याभरात उमटतात, त्यावरून कुटुंबात कोणाची उंची किती हे पाहुण्यांना आपोआप कळतं.

आता आरसा. मोठा आरसा लावला की खोली दुप्पट दिसते, हे तर तुम्ही ऐकलंच असेल. आम्ही सहा बाय चारचा घेतला. तो लिफ्टमध्ये मावेना. दोन माणसांनी पाचव्या मजल्यापर्यंत जिन्याने चढवला, प्रत्येक वळणावर तिरका करून, आणि मजल्यामागे वेगळे पैसे लावले. लावल्यावर खोली दुप्पट दिसली, खोटं कशाला बोलू? पण समोरचे वाळत घातलेले कपडेही दुप्पट दिसायला लागले. पावसाळ्यात चार बनियन असतील तर आठ. पहिल्याच रात्री आई पाणी प्यायला उठली, तर समोरून पिकल्या केसांची एक बाई हातात तांब्या घेऊन येतेय. आई पडली भिडस्त. बाजूला सरकून म्हणाली, “या, तुम्ही आधी घ्या.”

मग कुणीतरी सांगितलं, झोपायच्या जागेसमोर आरसा नको, वास्तूला चालत नाही. आमच्याकडे रात्री झोपायची जागा नाही अशी जागाच नसते. म्हणून आरशावर पडदा लावला. आता पाहुण्यांना वाटतं पडद्यामागे बाल्कनी आहे. चारसहा हजारांच्या आरशाने जमलं नाही ते अडीच मीटर कापडाने केलं. तुम्ही सरळ पडदाच लावा.

स्टोरेजचा पलंग मात्र घ्याच. आमच्या पलंगाच्या पोटात काय नाही? आहेरातले तीन लेमन सेट, चकलीचा सोऱ्या, पितळी घंगाळ, 2018 च्या बंदीच्या आधीचं थर्माकोलचं मखर. ते टाकता येत नाही आणि मांडताही येत नाही. पाहुण्यासाठी जादाची गादीही तिथेच. ती काढायला पलंग वर उचलावा लागतो, त्यासाठी त्यावर बसलेल्या पाहुण्याला उठवावं लागतं. पाहुणा उभा राहतो, घड्याळ बघतो आणि म्हणतो, निघतो आता, शेवटची गाडी मिळेल. जागा वाचवायचं यापेक्षा चांगलं फर्निचर मी पाहिलेलं नाही.

आमच्या आजोबांना ही कला कुणी शिकवली नाही. वरळीच्या बीडीडी चाळीत 160 चौरस फुटांच्या खोलीत नऊ माणसं. आरसा एकच, खिळ्याला टांगलेला, दाढीपुरता, त्यात अख्खा चेहराही मावायचा नाही. रात्री बाप्ये वळकट्या उचलून पॅसेजमध्ये नाहीतर खाली पटांगणात. तिथल्या पुनर्विकासात आता 500 चौरस फुटांची घरं आहेत. त्यांनाही लवकरच मोठे आरसे लागतील.

चला, दारापर्यंत सोडतो. जपून, ते कपाट चपलांचं आहे. शेवटचा आणि खात्रीचा उपाय हाच: घर बाहेर वाढवा. आधी चपला बाहेर ठेवल्या. मग चपलांना कपाट, कपाटावर कुंडी, कुंडीशेजारी मुलीची सायकल. रोज एकेक वस्तू, कुणाच्या डोळ्यांत न येता. समोरच्यांनीही तेच केलं, त्यांचं तर वॉशिंग मशीनचं खोकंही इथेच आहे. सोसायटीची नोटीस आली, आग लागली तर बाहेर पडायला वाट हवी म्हणून. नोटीस लावायला भिंतीवर जागा नव्हती, सायकलच्या कॅरियरला अडकवून गेले.

तेवढं एक खरं, पॅसेज हल्ली फार अरुंद वाटतो. समोरच्यांशी बोलणं झालंय. रविवारी दोघं मिळून तो आरसा इथे आणून लावतोय.