'मेलेलं झाड गळ्यात मारलं' या रिव्ह्यूला नर्सरीकडून उत्तर

नमस्कार दादा,

रिव्ह्यू वाचला. एक स्टार दिलाय, हरकत नाही, पण 'मेलेलं झाड गळ्यात मारलं' म्हणून लिहिलंय त्याला उत्तर द्यायलाच पाहिजे, कारण हे वाचून उद्या कोणतरी आपल्या दारातला चांगला जिवंत चाफा उपटून कचरागाडीत टाकेल. तुमचं म्हणणं असं, की पावसाळ्यात आमच्याकडनं 650 रुपयाला लाल चाफ्याचं कलम नेलं, दिवाळीनंतर पानं पिवळी पडून सगळी गळाली, मग रोज पाणी घातलं, खत घातलं तरी फूल नाही, आता बुंधा मऊ लागतोय, चिकामुळं वहिनींच्या हाताला खाज सुटली, आणि शेजारच्या अपार्टमेंटमधला चाफा मात्र बारा महिने हिरवागार. म्हणून पैसे परत पाहिजेत.

पानं गळणारच ओ. लाल चाफा थंडीत पानं टाकतोच, आमच्याकडची मोठी मदर प्लांट, म्हणजे ज्यावरनं कलमं काढतो ती झाडं पण आत्ता नुसत्या काठ्या होऊन उभी आहेत, येऊन बघा की. आपल्याकडं देवळापुढं हमखास चाफा असतोय म्हणून आपल्याला तो इथलाच वाटतो, पण हे झाड मूळचं मेक्सिको, मध्य अमेरिकेकडचं, तिथं वर्षातले काही महिने पाऊसच नसतो, तेवढ्या दिवसात पानं टाकायची, जाडजूड फांदीत साठवलेल्या पाण्यावर गप्प बसायचं ही त्याची सवय. त्या दिवसात त्याला पाणी लागत नाही, कारण पानंच नाहीत तर पाणी ओढणार कोण? माती ओली ती ओलीच राहते आणि मुळं कुजायला लागतात. त्यात तुम्ही पाहुण्यांच्या शेतावरचं प्रेसमड (साखर कारखान्यातली मळी) आणून कुंडी वरपर्यंत भरलीय, फोटोत दिसतंय. प्रेसमड उसाला एक नंबर, पण कुंडीतल्या चाफ्याला नको, ते पाणी धरून ठेवतंय आणि नीट कुजलेलं नसलं तर गरम पण पडतंय. म्हणजे झोपलेल्या माणसाला मध्यरात्री उठवून तांबडा-पांढरा रस्सा वाढल्यासारखं झालं हे. आणि कुंडीखाली ती प्लेट कशाला? तिच्यात साचलेलं पाणी परत वर मातीत जातंय. पिशवीला आम्ही चिठ्ठी लावतो त्यावर 'थंडीत पाणी बंद' एवढंच मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतंय, ती कोण वाचत नाही ही गोष्ट वेगळी.

आता शेजारच्या झाडाचं. त्याचा फोटो टाकलात ते बरं केलंत. पान बघा, टोकाकडं पसरट, नागाच्या फण्यासारखं, फूल पांढरंशुभ्र. ते पुडिका, जात वेगळी. ते पानं फारशी टाकत नाही, सारखं फुलतं, कुठंही लावा येतं, पण फुलाला वास जवळपास नाहीच. तुम्ही नर्सरीत वास घेऊन घेऊन लाल निवडला होता. वास पाहिजे तर हिवाळ्यात काठ्या बघायची तयारी पाहिजे, आणि बारा महिने हिरवं पाहिजे तर पुडिका न्या, आमच्याकडं दोन्ही आहेत आणि पुडिका स्वस्त पण आहे. (लाल चाफ्याचा वास संध्याकाळनंतर जास्त येतो, कारण त्याचं गिऱ्हाईक म्हणजे रात्री उडणारे मोठे पतंग. फुलात मध टिपूसभर नसतो, नुसत्या वासावर बोलावून बिनपगारी काम करून घेतंय झाड. फसवणूक म्हणायची तर ही.)

फूल नाही त्याची कारणं दोन दिसतात. एक म्हणजे ऊन. तुमच्या गॅलरीत सकाळचं दीड-दोन तास ऊन येतं असं तुम्हीच लिहिलंय, चाफ्याला कमीत कमी सहा तास कडक ऊन पाहिजे, त्याला टेरेसवर न्या, टाकीच्या सावलीत नको. दुसरं म्हणजे युरिया, तो चमचाभर का होईना घातलाय तुम्ही, त्यानं पानं आणि लांब लांब फांद्या येतात, फूल मागं पडतं. फूल फांदीच्या शेंड्यालाच येतं, आणि एकदा गुच्छ आला की तिथनं पुढं फांदी फुटून दोन-तीन होतात, म्हणून जेवढे शेंडे तेवढे गुच्छ. घाई करून उपयोग नाही. उन्हाळ्यात कोंब फुटले की मूठभर शेणखत, थोडी बोनमील (हाडांचा चुरा) आणि चुलीतली राख असेल तर चिमूटभर, बास.

आता मेन मुद्दा, बुंधा मऊ लागतोय तो. हे मात्र लगेच बघा, बाकी सगळं नंतर. शेंडा दाबून सुरकुतलेला पण टणक लागला तर झाड नुसतं झोपलंय. नखानं साल जराशी खरवडा, खाली हिरवं दिसलं आणि पांढरा चीक आला की तेवढा भाग जिवंत. बुंध्याशी दाबल्यावर आत दबत असेल, काळपट पाणी येत असेल, तर मुळाकडनं सड वर चढायला लागलीय आणि पाणी बंद करून ती थांबत नाही. मग धारदार सुरीनं वरनं जिवंत फांदी कापायची, कापलेल्या जागी मधे तपकिरी ठिपका किंवा रिंग दिसली तर अजून वर कापायचं, आतला भाग स्वच्छ पांढरट दिसेपर्यंत. प्रत्येक कापाला सुरी पुसून घ्यायची. ती फांदी सावलीत उभी करून आठ-दहा दिवस नुसती वाळू द्यायची, चीक सुकून तोंड बंद होऊ दे. पाण्याच्या बाटलीत ठेवू नका, मनी प्लांट नव्हे ते. आत्ता थंडीत मुळं फुटायला वेळ लागतो, म्हणून फेब्रुवारी संपताना लावली तरी चालेल, तोपर्यंत फांदीला काही होत नाही.

लावताना आपली काळी माती अजिबात नको. पन्हाळ्याकडची तांबडी माती, जाड वाळू, विटांचा चुरा, थोडंसं जुनं शेणखत. कुंडीला खाली भोकं मोठी पाहिजेत. लावल्यावर एकदा पाणी आणि मग माती कोरडी झाल्यावरच. महिन्याभरात पानं दिसली म्हणून खूश होऊन बादली ओतू नका, ती पानं फांदीतल्या साठ्यावर येतात, मुळं अजून फुटलेली नसतात. इथंच जास्त झाडं जातात.

वहिनींच्या हाताचं वाईट वाटलं. चाफा, कण्हेर, तगर सगळे एकाच कुळातले, चीक अंगाला लागला तर काहीजणांना खाज येते. साबणानं धुवायचं, डोळ्याला हात लावायचा नाही, छाटताना हातमोजे. खाज कमी नसेल तर डॉक्टरला दाखवा.

पैसे परत देणार नाही, सरळ सांगतो, झाड चांगलं दिलं होतं आणि त्यावेळचा तुमचाच पानांसकट फोटो रिव्ह्यूला जोडलेला आहे. पण फांदी वाचवून देतो, त्याचे पैसे घेणार नाही. एक बघून ठेवा, कलमाच्या जोडाच्या खालनं फांदी काढली तर लाल फूल येणार नाही, ते खुंटाचं झाड, म्हणजे ज्यावर कलम बांधलंय ते, त्याला बहुतेक पांढरंच येईल. जोडाच्या वरची आणा. कुंडी चौथ्या मजल्यावरनं उतरवत बसू नका, कापून पेपरात गुंडाळून आणली तरी चालतंय. सोमवारी आम्ही बंद असतो, बाकी कधीही संध्याकाळी सहाच्या आत या, अंधार पडल्यावर आतली रिंग नीट दिसत नाही.