नाताळात काउंटरवर

आयपीएलचा लिलाव झाला की आमच्या घरच्या ग्रुपवर दादरच्या काकांचा मेसेज ठरलेला. ‘माणसांचा बाजार! आमच्या वेळचे खेळाडू साधे होते, नोकरी सांभाळून खेळायचे.’ त्याखाली अंगठ्यांची रांग. यंदा तो वाचला तेव्हा मी सकाळी गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत होतो. डोकं तापलं.

साधे म्हणजे कसे, ते सांगतो. माझं ऑफिस अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या नेवार्कला. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला याच गावातल्या पुरुषांच्या कपड्यांच्या दुकानात फिल रिझुटो आणि योगी बेरा हिवाळ्यात काम करायचे. दोघेही न्यूयॉर्क यांकीज या बेसबॉल संघाचे. १९५०चा लीगमधला सर्वोत्तम खेळाडू रिझुटो, १९५१चा बेरा. ऑक्टोबरात वर्ल्ड सिरीज, म्हणजे बेसबॉलचं अजिंक्यपद, जिंकायची आणि नाताळच्या गर्दीत काउंटरमागे उभं राहायचं. ब्रुकलिन संघाच्या जॅकी रॉबिन्सनला १९४९ साली त्याच्या लीगमध्ये हाच मान मिळाला, आणि त्या हिवाळ्यात तो न्यूयॉर्कच्या क्वीन्समधल्या एका दुकानात टीव्ही विकत होता. पिट्सबर्ग पायरेट्स संघाचा रिची हेबनर तर सत्तरच्या दशकातही थंडीत कबरी खणायचा. फारच साधी माणसं!

साधेपणाचं कारण करारात होतं. ‘रिझर्व्ह क्लॉज’ म्हणून एक कलम असायचं. करार संपला तरी खेळाडू त्याच क्लबचा. क्लब ठेवेल तोवर राहायचं, विकेल तिथं जायचं. बेसबॉलचा दिग्गज बेब रूथ, त्याला बोस्टनच्या क्लबने यांकीजला विकलं तो करार २६ डिसेंबर १९१९चा, नाताळच्या दुसऱ्या दिवशीचा. किंमत एक लाख डॉलर. ती रूथला नव्हे, बोस्टनच्या मालकाला मिळाली. बाजार तेव्हाही होताच, काका. फक्त गल्ल्यावर दुसरा बसायचा.

पुढे सेंट लुइसच्या क्लबने कर्ट फ्लड या खेळाडूला न विचारता फिलाडेल्फियाच्या क्लबला देऊन टाकलं. त्याने २४ डिसेंबर १९६९ रोजी, ऐन नाताळच्या आदल्या दिवशी, बेसबॉलच्या कमिशनरला पत्र लिहिलं : बारा वर्षं खेळल्यावर, माझ्या इच्छेचा विचार न करता खरेदी-विक्री करावी अशी मालमत्ता मी आहे असं मला वाटत नाही. पगार होता नव्वद हजार डॉलर, त्या काळी गडगंज. तरी भांडला. १९७२ साली सुप्रीम कोर्टात हरला. २३ डिसेंबर १९७५ला दुसऱ्याच दोन खेळाडूंच्या तंट्यात पीटर सायट्झ नावाच्या लवादाने ते कलम निकामी केलं. मालकांनी सायट्झला लगेच काढून टाकलं.

हे सगळं मी काकांसाठी टाइप केलं. ‘अहो, तुम्हाला कंपनीने टाइम्स शील्ड, म्हणजे मुंबईतल्या ऑफिसांची क्रिकेट स्पर्धा, खेळण्यासाठीच घेतलं होतं ना? जेवणानंतर क्रॉस मैदानावर जायची मुभा, महिन्याच्या महिन्याला पगार. गुडघा गेल्यावर कोणत्या टेबलावर बसवलं, ते लिहा की ग्रुपवर!’

आणि पाठवलं नाही. कारण काका लगेच विचारतील, ‘तुझं काय रे?’ अकरा वर्षं एकाच कंपनीत आहे. दुसरीकडून बोलावणं आलं की आधी प्रायॉरिटी डेट, म्हणजे ग्रीन कार्डच्या रांगेतली माझी तारीख, बघतो, मग वकिलाला मेल, मग नको म्हणून टाकतो. दिवाळीला सुटी मागत नाही. नाताळच्या आठवड्याचा ऑन-कॉल, म्हणजे सुटीतही कामासाठी हजर राहायची पाळी, दरवर्षी मीच घेतो, कारण टीममधल्या बाकीच्यांना आईवडिलांकडे ओहायोला, कुणाला मेनला जायचं असतं. ‘तुमच्यात हा सण नसतोच ना,’ असं मॅनेजर पहिल्या वर्षी म्हणाला होता. आता विचारतही नाही. खरं तर आमच्याकडेही झाड आहे. मुलीने त्यावर दिवाळीचा छोटा आकाशकंदील अडकवलाय.

पंचवीस तारखेला सकाळी काकांचा व्हिडिओ कॉल आला. मी लॅपटॉप अर्धा मिटला.

‘काय रे, आज तुमच्याकडे सगळं बंद असेल. मजा आहे बुवा!’

‘हो,’ म्हटलं, ‘सुटीच आहे.’ आणि त्यांना झाडावरचा आकाशकंदील दाखवला.